गिटारीची मान आणि होडीची नाळ

कोल्हापूरच्या स्टँडवर कणकवलीची गाडी लागली, तेव्हाच मी ठरवलं होतं की भाच्याचं कौतुक करायचं नाही. निनाद माझ्या बहिणीचा मुलगा. पुण्यात इंजिनिअर होता, गार हवेच्या कचेरीत बसून चांगलं चाललं होतं. ते सोडून तो मालवणच्या किनाऱ्यावर जाऊन बसला आणि गिटारी बनवायला लागला. त्याही नव्या लाकडाच्या नाहीत. मोडलेल्या होड्या, कुणाच्या घराची काढून टाकलेली दारं, आंब्याची देवदारी खोकी, असलं सगळं गोळा करून. आमच्या लहानपणी असल्या लाकडावर बंब पेटायचा आणि आंघोळीचं पाणी तापायचं. आता म्हणे त्यातून संगीत निघतं.

बहीण म्हणाली, "तू गिटार वाजवतेस, तुला कळतं. एकदा जाऊन बघून ये, त्याचं काही खरं आहे का." जसं काही तार छेडली की पोराच्या आयुष्याचं काय होणार ते कळतं. मी आयुष्यभर ऑर्केस्ट्रात गिटार वाजवली, चमकीचे कोट घातलेल्या गायकांच्या मागे उभी राहून. आता पुढच्या खोलीत मुलांना शिकवते. त्या मुलांच्या आईबापांना गिटार नको असते, वाढदिवसाला दाखवायला व्हिडिओ हवा असतो. त्यात माझ्या स्वतःच्या गिटारीची मान या पावसाळ्यात अशी वाकली की दुरुस्तीवाल्यानेही हात टेकले. तेव्हा मनात थोडा स्वार्थ होता. तो मी बहिणीला सांगितला नाही.

फोंडा घाटात शेजारच्या गृहस्थांनी मला त्यांच्या मुतखड्याची साद्यंत हकिकत ऐकवली. बहिणीने भाच्यासाठी दिलेला चिवड्याचा डबा एका वळणावर निसटून पार ड्रायव्हरच्या पायापर्यंत गेला. तो परत येईपर्यंत त्यातला मूठभर चिवडा कमी झाला होता आणि कंडक्टर तोंड पुसत होता. कणकवलीला उतरून पुन्हा आचऱ्याची गाडी धरली. दिवाळी होऊन गेली होती, भात कापून झालं होतं आणि रस्त्याकडेला प्रत्येक दुसऱ्या घरावर 'घरगुती मालवणी जेवण' असा फलक होता. घरात घरगुती जेवणच मिळणार, त्याची पाटी कशाला लागते, मला कळलं नाही.

आचऱ्याच्या अलीकडे उतरून रिक्षा केली. गिटारवाल्याकडे जायचंय म्हटल्यावर रिक्षावाला हसला.

"मोडक्या होडयेवाल्याकडे? बसा. पयली लोकां तेका बोलवून लाकडां देत होती. आता कोणाची खिडकी मोडली तरी म्हणतत, जाळू नको, ठेव, गिटारवालो येतलो."

"मग तो नेतो का?"

"नेता. पण आधी डोळे मिटून लाकडार कान ठेवता." मग त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि एकदम पुस्तकी मराठी काढली. "तुमचे कोण लागतात ते?"

"लांबचा आहे," मी म्हटलं.

निनादची कार्यशाळा म्हणजे माडांच्या बागेतला एक मांगर (शेताची अवजारं ठेवायची खोप). वर पत्रा, खाली शेणाने सारवलेली जमीन, आणि दाराशी बारीक अक्षरांची पाटी, जी चष्मा लावूनही वाचता येत नव्हती. म्हणजे नक्कीच महाग असणार. भाचा अनवाणी होता. केस बांधलेले, अंगात चुरगळलेला सदरा. त्याने मला वाकून नमस्कार केला आणि लगेच एक फळी पुढे केली.

"मावशी, आधी हिला हात लाव. डोळे मिट. काय जाणवतं सांग."

"डोळे मिटले की मला झोप येते. आधी पाणी दे."

त्या वेळी तिथे मुंबईचं एक जोडपं आलं होतं. दोघांच्या अंगात कोऱ्या कापडासारखे पांढरे कपडे आणि चेहऱ्यावर देवळात आल्याचा भाव. निनाद त्यांना एकेक गिटार भिंतीवरून काढून दाखवत होता आणि प्रत्येकीचं चरित्र सांगत होता. ही कुणा सावकाराच्या शिसवी पलंगाचा पाय. ही शाळेचा बाक, हिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या पाढे म्हटले गेलेत. ही चाळीस वादळं पाहिलेली होडी. वादळं मोजून कुणी ठेवली होती, कुणास ठाऊक. लाकडाला स्मृती असते, असं तो दर दोन वाक्यांनी म्हणायचा, आणि ते दोघं माना डोलवायचे.

मी ती वादळवाली गिटार घेऊन वाजवून बघितली. आवाज खोक्यावर थाप मारल्यासारखा. वर वास. या होड्यांना पूर्वी वर्षानुवर्षं मोरीचं (शार्कचं) तेल पाजायचे, पाण्याने कुजू नये म्हणून. ते तेल लाकडात मुरलेलं, आणि मांडीवर गिटार जरा गरम झाली की बाहेर यायला लागतं.

"किती अस्सल वास आहे ना!" ती बाई म्हणाली.

"हा समुद्राचा श्वास आहे," निनाद म्हणाला.

"समुद्राने दात घासलेले नाहीत," मी म्हटलं.

तेवढ्यात गिटारीच्या कुशीतून 'कट्' असा आवाज आला आणि बाजूची पट्टी सुटून हातात आली. तेल प्यालेल्या लाकडाला सरस धरत नाही, एवढं तरी इंजिनिअरला कळायला हवं होतं. जोडपं अस्वस्थ झालं. निनादने पट्टी माझ्या हातातून काढून घेतली आणि म्हणाला की काही लाकडं स्वतंत्र राहू पाहतात. मी उठून बाहेर जाऊन हसून आले.

आत आले तेव्हा खिडकीजवळ एक गिटार एकटीच टांगलेली दिसली. तिचं चरित्र त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. दोष काढायचा या शुद्ध हेतूने मी ती खाली घेतली, तारा जुळवल्या आणि एक साधा सूर लावला.

मग मी तोच सूर पुन्हा लावला. सूर भरलेला होता आणि थांबत होता. बोट उचललं तरी तो जाऊ की नको करत राहायचा. वर गेलं तरी चिरकत नव्हता, खाली गुरगुरत नव्हता. मान हातात अशी बसली की अंगठा कुठे ठेवायचा हा विचारच करावा लागला नाही. इतकी वर्षं मी ज्या गिटारी वाजवल्या, त्या सगळ्या नवऱ्यासारख्या सांभाळून घेतलेल्या. ही पहिलीच अशी की जिला काही समजावून सांगावं लागत नव्हतं. मला तिच्यात दोष सापडेना, आणि त्याचा मला राग आला.

"पेटी फणसाची आहे, जुन्या दाराची," निनाद हळूच म्हणाला. "आणि मान शेजारच्या सुदेशदादाच्या होडीची. नाळ म्हणतात, होडीचं पुढचं टोक. त्यांच्या चुलीवरच्या माळ्यावर तो सागाचा तुकडा तीनेक वर्षं धुरात पडून होता. सगळं तेल, सगळी ओल निघून गेली. असं लाकूड पुन्हा मिळणार नाही, मावशी."

नाकाशी नेलं तर खरंच माशाचा नव्हे, धुराचा वास होता. चुलीपुढे बसून उठलेल्या बाईच्या पदराला येतो तसा.

"ही माझी," मी म्हटलं.

"तुझीच," तो म्हणाला, आणि इतका खूश झाला की मला त्याला टोचून बोलायचं सुचेना.

निनादकडे येणाऱ्यांचं जेवण शेजारी, सुदेशच्याच घरी असायचं. कुंपणातली एक काठी बाजूला केली की त्यांची पडवी. सुदेश चाळिशीचा, अबोल, मासेमार. तीन वर्षांपूर्वी त्याची लाकडी होडी मोडली. तेव्हापासून तो दुसऱ्यांच्या होडीवर खलाशी म्हणून जायचा. आता त्याने स्वतःची होडी घेतली होती, फायबरची, निळी, अंगणात माडाखाली ठेवलेली. सोमवारी ती पाण्यात जाणार होती. बाकीच्या होड्या केव्हाच जायला लागल्या होत्या आणि बांगडा भरपूर येत होता. सुदेश जेवतानासुद्धा मधूनच बाहेर तिच्याकडे बघून घ्यायचा.

त्याची आई शेवंतीकाकी. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, हातात हिरव्या बांगड्या, आवाज पार वाडीच्या टोकाला पोचेल असा. लेकीच्या बाळंतपणासाठी काही महिने कुणकेश्वरला राहून ती आदल्याच दिवशी परतली होती. तिने मला बांगड्याचं तिखलं वाढलं, तिरफळं घातलेलं, उकड्या तांदळाचा भात आणि सोलकढी. इथे मी नावं ठेवणार नाही. नावं ठेवायला तोंड रिकामं लागतं.

मी दुसऱ्यांदा भात घेत होते, तेव्हा काकीने भाकरी भाजता भाजता वर पाहिलं. चुलीच्या वर बांबूचा छोटा माळा होता. त्यावर कोकम, सुकी मासळी, एक जुनं सूप.

"सुदेश, नाळ खंय रे?"

सुदेशचा घास हातातच राहिला. "आसा. खाली काडून ठेवलंय."

"खंय?"

"हाडतंय मगे." आणतो म्हणाला, पण उठला नाही.

माझ्या घशात काटा अडकला. खराखुरा. काकीने माझ्या पाठीवर दोन थापा मारल्या, सुका भात गिळायला लावला आणि मी शुद्धीवर आल्यावर मला समजावून सांगितलं.

"आमची रीत आसा गो बाय. होडी मोडली काय तिच्या नाळेचा लाकूड चुलीर सुकत ठेवचा. नवी होडी इली काय ता तिच्यात बसवचा. माझ्या सासऱ्याच्या होडयेचा लाकूड आमच्या जुन्या होडयेत होता. आता हिचा ह्या नव्या होडयेत."

"पण काकी, ही तर फायबरची. हिच्यात लाकूड बसवणार कुठे? खिळा तरी मारता येतो का?"

"फायबरची असली म्हणान काय झाला? दर्या फायबरचो आसा काय?" ती म्हणाली. "लाकूड पाण्यात भिजला काय होडी आमची झाली. तेच्याबिगर ती जावची नाय. सुदेश होडयेत बसलो तरी मी जावक देवचंय नाय."

मला हसू आलं ते मी सोलकढीत बुडवलं. कारखान्यात साच्यातून काढलेल्या प्लास्टिकच्या होडीत लाकडाचा तुकडा. हे तर निनादच्या वरताण झालं. एकाला लाकडाची स्मृती, दुसरीला लाकडाची रीत. आणि दोघांच्या मध्ये मी, माझ्या गिटारीसकट.

दुपारी सुदेश मांगरात आला. मी गिटार मांडीवर घेऊन बसले होते. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

"निनाद, माझी आवस नाळ खंय म्हणान इचारता. काय करूया?"

"तू तर म्हणालास आता लागणार नाही."

"माका वाटला, फायबराक कित्याक लागतला? आवस ह्या वर्सा काय बोलूक नाय. मी समाजलंय ती इसारली." त्याने डोकं खाजवलं. "ती ऐकाची नाय. सोमवारी होडी ऱ्हवली तर खलाशी दुसऱ्याच्या होडयेर जातले. मगे हंगाम गेलो."

चूक एवढीच होती. या घराबाहेर कुणाला ती करता आली नसती. होडी बदलली म्हणजे रीतही बदलली, असं मुलाने मनातल्या मनात ठरवलं, आणि आईला विचारायचं राहून गेलं.

निनादने थोडा विचार केला. मग माझा हा भाचा, डोळे मिटून फळ्यांना कान लावणारा, चाळीस वादळं मोजणारा, शांतपणे म्हणाला, "सुदेशदादा, दुसरा तुकडा देतो. सागाचाच. थोडा भाजतो, काजळी चोळतो. तिला कळणार नाही. शेवटी लाकूड ते लाकूड."

आल्यापासून ऐकलेलं सगळं प्रवचन त्याने एका वाक्यात गुंडाळून टाकलं होतं. असा चिडका आनंद मला फार दिवसांत झाला नव्हता. त्याला झापायला मी तोंड उघडलं आणि मग लक्षात आलं की त्याला झापायचं असेल तर आधी मांडीवरची गिटार खाली ठेवावी लागेल. मी तोंड मिटलं.

संध्याकाळी किनाऱ्यावर गेले. एका उलट्या ठेवलेल्या होडीला टेकून पर्यटक सूर्यास्ताबरोबर फोटो काढत होते. सूर्य बिचारा रोजच्यासारखा बुडत होता. एक मुलगी सूर्य चिमटीत धरल्यासारखं करत होती आणि तिचा नवरा "अजून थोडं डावीकडे" म्हणत वाळूत लोळत होता. एरवी मला यांच्यावर तासभर बोलता आलं असतं. त्या दिवशी जमलं नाही. भाचा खोटारडा, हे खरं. पण लाकडात काही नसतं असं म्हणणारी मी, आणि त्याच लाकडासाठी गप्प बसलेलीही मीच. स्वतःची इतकी किळस मला क्वचितच आली असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी नकली तुकडा तयार होता. कबूल करते, काम उत्तम होतं. कडा झिजवलेल्या, खिळ्यांची गंजकी भोकं, वर काजळी आणि तिच्यावर तेलकट हाताची झाक. भाच्याच्या हातात कला आहे, ती कुठे वापरावी एवढं फक्त त्याला कळत नाही. सुदेशने तो तुकडा घेतला. त्याच्या चेहऱ्यावर ताप आल्यासारखी कळा होती. तो कुंपणाकडे निघाला आणि मी त्याच्या मागून. गिटार हातातच होती. का घेतली, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

काकी पडवीत विळीवर सुरमई कापत होती. तिने हात धुतले, पदराला पुसले आणि तुकडा घेतला. उलटा-सुलटा केला. बोटाने काजळी पुसून पाहिली. कपाळाला लावला.

"बरा सुकला," ती म्हणाली.

तिने ओळखलं नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ह्या काय हाडलंस? वाजव बगया."

मी पायरीवर बसून वाजवलं. ऑर्केस्ट्रातलं एक जुनं, सोपं गाणं. काकी मान हलवत होती. गाणं संपल्यावर तिने हात पुढे केला आणि गिटारीच्या मानेवरून अंगठा फिरवला, नीट, खालपासून वरपर्यंत. तिच्या स्वतःच्या होडीचं लाकूड होतं ते. तिच्याच चुलीच्या धुरातलं.

"बरा वाजता," ती म्हणाली, आणि परत सुरमईकडे वळली.

काही झालं नाही. लाकूड बोललं नाही, काकी थरथरली नाही, कुणाला कसली स्मृती आली नाही. निनाद बरोबर होता. तिला कधीच कळलं नसतं. सोमवारी होडी गेली असती, बांगडा मिळाला असता, आणि मी ही गिटार घेऊन कोल्हापूरला गेले असते. कुणाचंच काही बिघडलं नसतं. तिने तो बनावट तुकडा कपाळाला लावला, तेवढं फक्त माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. म्हाताऱ्या माणसाला असं फसवतात, आणि फसवताना त्याच्याच घरचा मासा खातात, हे मला सहन होईना.

"काकी, ते तुमचं लाकूड नाही," मी म्हटलं. "तुमचं हे. या गिटारीची मान."

विळी थांबली. काकीने आधी गिटारीकडे पाहिलं, मग बाजूला ठेवलेल्या तुकड्याकडे, मग सुदेशकडे. सुदेश खाली बघत होता.

"आये, माका वाटला फायबराक खंय ठोकतलंव..."

"खंय ठोकूचा ता मगे बगला असता! माका इचारूचा होता. तोंड नाय तुका?" तिने नकली तुकडा अंगणात भिरकावला. कोंबड्या उडाल्या. "आणि माका आंधळी समाजलंस? हेका कपाळाक लावलंय मी!"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते मनगटाने पुसलं, त्यामुळे गालाला माशाचं रक्त लागलं. कुंपणापाशी निनाद येऊन उभा राहिला होता. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या मनात एक चोरटी आशा होती, ती सांगून टाकते. मला वाटत होतं की आता ती थोडी शांत होईल आणि म्हणेल, जाऊ दे बाय, तुका आवडला मा, ठेव तुका. मोठ्या मनाची माणसं असंच म्हणतात, असं आपण ऐकलेलं असतं.

"काड ता," काकी मला म्हणाली. "आताच काड. चुलीर पाणी ठेवतंय, सरस ऊन पाण्यान सुटता."

मोठं मन वगैरे काही नाही. तिचं होतं, तिला हवं होतं.

"मावशी, ही माझी सगळ्यात चांगली गिटार आहे," निनाद म्हणाला.

"माझीही," मी म्हटलं. "हत्यारं आण."

सरसाने जोडलेली मान वाफेने सुटते. आधी मानेवरची, बोटं दाबायची शिसवी पट्टी काढावी लागते, ती तापवून. त्यासाठी काकीची कपड्यांची इस्त्री घेतली. चुलीवर पाण्याचं भांडं, त्याला फनेल आणि रबरी नळी, असली सगळी सामग्री त्या स्वयंपाकघरात मांडली. वाफ सांध्यात जात राहिली, घाम गळत राहिला, आणि आम्ही दोघं, मावशी आणि भाचा, ती गिटार मोडत बसलो. सांधा सुटला तेव्हा आवाज फारसा झाला नाही. मान एकदम हलकी होऊन माझ्या हातात आली. निनादचे डोळे भरून आले होते. वाफ गेली, म्हणाला. मी त्याला तेवढं म्हणू दिलं.

काकीने मान हातात घेतली आणि कपाळावर हात मारला. "मेल्या, केदो बारीक केलंस रे! आणि ही भोकां कित्याक?"

मानेच्या टोकाला तारा गुंडाळायच्या खुंट्यांची सहा भोकं होती. निनादने खाली मान घालून सांगितलं. तिने आता ते लाकूड कपाळाला लावलं नाही. नुसतं पदरात गुंडाळून छातीशी धरलं, आणि आम्हा सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. आत काय केलं कुणास ठाऊक. बाहेर आली तेव्हा लाकडाला हळदकुंकू होतं.

मग प्रश्न आला तो बसवायचा कुठे. फायबरला खिळा मारला तर तडा जाणार. निनादने रसायनात चिकटवायचं सुचवलं. काकी म्हणाली, आता तुझा काय चिकटवचा नको. सुदेश होडीत उतरून टोकापाशी वाकून बसला होता. आतल्या बाजूला नांगराचा दोर बांधायच्या दोन लोखंडी कड्या होत्या. त्याने लाकूड त्यांच्यावर धरलं, थोडा वेळ बघितलं, आणि नायलॉनची दोरी मागितली. एका भोकातून आत, कडीतून फिरवून दुसऱ्या भोकातून बाहेर, असं सहाही भोकांतून ओवून त्याने गाठी मारल्या. लाकूड हलेना. ओढून पाहिलं, पाय लावून पाहिलं.

"हीच भोकां बरी झाली," सुदेश म्हणाला.

भाच्याने दोन वर्षांत केलेली ही एकुलती एक उपयोगाची गोष्ट. मी तसं त्याला तोंडावर सांगितलं. एरवी त्याने यावर लाकडाच्या प्रवासाबद्दल काहीतरी काढलं असतं. आज तो होडीत उतरून दोरीचं मोकळं टोक सुदेशला कापून देत बसला. त्याच्याबद्दल मला पहिल्यांदाच बरं वाटलं.

रविवारी निघाले. शिकवण्या होत्या, थांबता येत नव्हतं. काकीने उकड्या तांदळाची पिशवी आणि सुके बांगडे दिले. आभार-बिभार मानले नाहीत. त्यात मानण्यासारखं काही नव्हतंच, तिचं तिला मिळालं होतं. निनाद म्हणाला, फणसाची पेटी शाबूत आहे, तिला नवी मान बसवून पाठवतो. मी म्हटलं, नको. दुसरी मान बसली तर ती चांगली वाजेल, आणि मग मला ही आठवत बसावं लागेल. रिक्षात बसता बसता त्याने विचारलं, "मावशी, तू बोलली नसतीस तर?" मी म्हटलं, "तर तुझा माल खपला असता." घाटात गाडी चढत होती तेव्हा माझ्या डाव्या हाताचा अंगठा आपोआप वाकत होता, त्या मानेच्या मापाने. तो सरळ करून मी हात पर्सखाली दाबून ठेवला.

मला माझ्या नुकसानीचं वाईट वाटलं आणि अजून वाटतं. प्रवासाने मन मोठं होतं असं लिहिणारे पुष्कळ आहेत. माझं काही झालं नाही. लाकडाला स्मृती नसते, हे माझं मत तसंच आहे, उलट पक्कं झालं. स्मृती असते ती माणसाला, आणि ती चुकतेसुद्धा, अंगठा फिरवूनही ओळखत नाही. म्हणून तर तिच्याशी खोटेपणा करायचा नसतो. एवढंच कळायला मला चांगल्या गिटारीची किंमत द्यावी लागली, हे महागात पडलं असं माझं आजही म्हणणं आहे.

सोमवारी दुपारी शिकवणी चालू असताना फोन वाजला. सुदेशचा नंबर. पण बोलत होती काकी, आणि समुद्राच्या पलीकडे ऐकू जावं अशा आवाजात. मागे लाटा, माणसांची ओरड, कुणीतरी नारळ फोडल्याचा आवाज.

"गो बाय, भिजला! लाकूड भिजला! लाट येवन टोकार बसली, वरपासून खालपर्यंत भिजला बग!"

गिटारीचं लाकूड भिजलं की तिचा आवाज संपतो. त्या सुराची शेवटची आशाही त्या लाटेत गेली. इतकी वर्षं मी प्रत्येक गिटारीला पाण्यापासून तान्ह्या मुलासारखं जपलंय, आणि ही बाई हर्षाने ओरडून मला सांगत होती की तिने ती बुडवली.

"बरं झालं, काकी," मी म्हटलं. हे बोलताना मला खोटं बोलावं लागलं नाही, याचाच मला जास्त राग आला.